पुसलेली वेल

पैज जिंकली तर जयदीपला छबूकाकूंचे दोन गुंठे वापरायला मिळणार होते. चाकण रोडवरच्या त्याच्या काँक्रीट प्लांटला अगदी खेटून. चार मिक्सर गाड्या आरामात उभ्या राहिल्या असत्या. हरला, तर प्लांटला चारी बाजूंनी जाळी आणि दिवसातून तीनदा पाण्याचे फवारे. प्लांटच्या धुळीनं वेल फळत नाही, हे काकूंचं म्हणणं. पण तो हरणार कसा? वेल जगते मुळावर, धूळ पडते पानावर, हे त्याचं शास्त्र.

अटीही त्यानंच घातल्या होत्या. एकाच दुधीच्या बिया, एकाच मांडवाच्या दोन बाजूंना दोन वेली. शेणखत त्यानं स्वतः तोलून घातलं. पाणी त्याच्याच टँकरचं, दोघींना सारखं. काकूंनी एवढंच मागितलं होतं, की डावीकडच्या वेलीची पानं रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसू दे.

"पूस की," पुतण्या हसला होता. "पावडर पण लाव."

आज मोजणी. पंच म्हणून काकूंनी ज्योतीरामला बोलावलं. जयदीपच्याच मिक्सरवरचा ड्रायव्हर, बीडकडचा.

"काकू, माझा माणूस हाय तो."

"म्हनूनच. मागनं कुरकुरायला जागा नको तुला."

ज्योतीराम मांडवाखाली शिरला. डावीकडे दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. "अकरा!" उजवीकडची पानं सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या रंगाची. तिथं तो जरा जास्तच वेळ शोधत राहिला; पगार तिकडूनच होता.

"एक हाये, शेठ. पण त्याला दुधी म्हणायचं का, ते तुम्हीच ठरवा."

जयदीपनं बियाण्याचा विषय काढला, तर ते एकच. खताचा काढला, तर ते त्यानंच तोललेलं. पाण्याचं ओठाशी आलेलं गिळलं.

"पण धुळीनं मुळाला काय होतंय गं?"

"मूळ नुसतं पानी आनतंय, बाबा. रांधतंय ते पान, उन्हाच्या जाळावर. चुलीत माती लोटायची अन् वर म्हनायचं, वाढ?"

ज्योतीरामला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात दडवलं.

जयदीपनं प्लांटवरच्या मुकादमाला फोन लावला. "रविराज, जाळीवाल्याला बोलव. हो, चारी बाजूंनी. आधी फवारे सोड."

काकूंनी एक दुधी बियाण्याला राखला, दहा तोडले. निम्मे ज्योतीरामच्या हवाली केले, प्लांटवरच्या सगळ्या ड्रायव्हरांसाठी. मग उजवीकडचा तो बोटाएवढा खुडून जयदीपच्या हातावर ठेवला.

"ह्यो तुझा."

कुंपणापलीकडे फवारा उडाला. वाऱ्यानं चार थेंब इकडं आले आणि उजवीकडचं एक पान हिरवं झालं.

खर्चाचं म्हणाल, तर खत-पाणी जयदीपचं, फडकं काकूंच्या जुन्या लुगड्याचं. बाकीचं सगळं सूर्यानं दिलं, दोन्ही वेलींना सारखंच. उजवीकडचं मधल्यामध्ये धुळीनं खाल्लं; उरलं ते जयदीपच्या तळहातावर होतं.