पाच ते सहा

शाळा सुटल्याची पाचची घंटा नुकतीच झाली होती. पट्टीची आई वर्गाच्या दारात उभी राहून बाईंचे आभार मानत होती, आणि बाईंना आधी बरंच वाटलं. पालक शाळेत येतात ते तक्रार घेऊन. आभार मानायला कोण येतं?

"तुमचे उपकार झाले, बाई," आई म्हणाली. इस्पितळाच्या कपड्यांच्या धुलाईत तिचे हात पांढरेफटक पडले होते. "तुमच्यामुळे हिचा एक तास सापडला."

पट्टी मागे उभी होती, दप्तर पोटाशी धरून. नववीतली पोर. समास फूटपट्टीने, बेरजेखालची रेघही फूटपट्टीने, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव. तिची धाकटी भावंडं बाहेर पायरीवर एकमेकांना ढोसत बसली होती.

दर नव्या सत्राला बाईंना काहीतरी नवीन सुचायचंच. यंदा प्रत्येकीने आपल्या दिवसाचा तक्ता करायचा, वर ध्येय लिहायचं, खाली पालकांची सही आणायची. चाळीस तक्ते बाईंनी घरी नेऊन तपासले. पट्टीचा सगळ्यांत देखणा. ध्येय : घरांचे नकाशे काढणार. बाई एकाच ओळीवर अडल्या. पाच ते सहा : रस्त्यात. हिचं घर तर दहा मिनिटांवर. बाईंनी लाल पेनाने शेरा मारला, 'तासभर रस्त्यात? खरे लिहावे.'

पट्टी त्या दिवशी टेबलापाशी बराच वेळ घुटमळली होती.

"बाई, रस्त्यातच राहू दे ना."

बाई हसल्या होत्या. स्वतःशीच खोटं बोलून कुणी पुढे जातं का, असं काहीबाही त्यांनी ऐकवलं होतं. मग पट्टीने खोडून लिहिलं, 'वाचनखोली, भूमिती.' बाईंनी शेजारी एक चांदणी काढली आणि तक्ता सहीसाठी घरी पाठवला. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खरं नाही. असतं, फक्त ते दुसऱ्याला भरावं लागतं.

"मला वाटायचं शाळा सहाला सुटते," आई सांगत होती. "हीच तसं सांगायची. माझी कामाची पाळी साडेपाचची. ही दोघं शेजारणीकडे टाकायची आणि रोज तिची बोलणी खायची. परवा तर तिने दारच उघडलं नाही. दोघांना घरात ठेवून बाहेरून कडी घालून गेले, बाई. चादरी पिळत होते, पण सगळं लक्ष त्या कडीत. आणि तेव्हा ही इथे बसून त्रिकोण काढत होती."

ती रागाने बोलत नव्हती. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

बाईंनी पट्टीकडे बघायचं टाळलं.

"आठवड्यातून दोन दिवस तरी तिला बसू द्या," बाई म्हणाल्या. "हुशार आहे हो."

"त्या दोन दिवशी या दोघांना कुणाकडे ठेवू?"

आईने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. उत्तर असतं तर तिला हवंच होतं. बाईंनी वाचनखोलीच्या शिपायाचा विचार केला. तो मोठ्या मुलींनाच कसाबसा बसू देतो. स्वतःच्या घराचा विचार केला, आणि तो लगेच सोडूनही दिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला दोष नाही देत मी," आई म्हणाली. "उलट बरंच झालं. हा तक्ता आता भिंतीला लावते. तेवढं पाच ते सहा दुरुस्त करून द्या. मला लिहिता येतं, पण इतकं सुबक नाही."

बाईंनी लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसल्या.

"द्या, मी करते," पट्टी म्हणाली.

तिने बाईंच्या हातातलं पेन घेतलं, आईकडचा तक्ता टेबलावर पसरला, दप्तरातून फूटपट्टी काढली. वाचनखोलीवर रेघ मारली. भूमितीवर मारली. वर बारीक अक्षरात 'घरी' असं लिहिलं. चांदणीला तिने हात लावला नाही.

मग ती थांबली.

"बाई, ध्येयाला मार्क आहेत?"

"नाहीत गं."

पट्टीने मान हलवली. फूटपट्टी कागदाच्या माथ्यापर्यंत सरकवली, नीट दाबून धरली आणि ध्येयावरून एक रेघ ओढली, या समासापासून त्या समासापर्यंत. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. पेनाला टोपण लावून ते बाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि धाकट्यांना हाताला धरायला बाहेर गेली.