अळीचा वाटा

कोकिळाबाईंनी ओटीतली कापसाची किडकी बोंडं सरळ कीबोर्डवर ओतली. एका बोंडातून अळी बाहेर आली आणि निवांतपणे अक्षरांवरून चालू लागली.

"हे टाक तुह्या इंटरनेटवर," त्या म्हणाल्या. "दिसू दे साऱ्या दुनियेले."

यास्मीनने अळी कागदावर घेऊन खिडकीबाहेर टाकली. संग्रामपूर तालुक्यातल्या या गावात माध्यम केंद्र सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. दोन कॉम्प्युटर, एक कॅमेरा आणि मर्जी झाली तर चालणारं इंटरनेट, एवढाच संसार. यास्मीन इथंच फिल्म बनवायला शिकली आणि आता इथंच शिकवत होती.

"बीटीले अळी शिवत नाई म्हने! माह्या वावरात तं अळ्यायची पंगत बसली," कोकिळाबाई कडाडल्या. "कंपनीचा मानूस येऊन मलेच दटावते. म्हने, बाई, तुमी लहान पाकीट पेरलं नसन."

"कंपनीले सोडाचं नाई, वहिनी," दारातून उत्तमराव म्हणाले. "फिल्म बनवा. मी आहो पाठीशी."

उत्तमरावांचं बियाण्यांचं दुकान शेजारीच होतं. केंद्राची खोलीही त्यांचीच, फुकटात दिलेली. यंदा ऐन पेरणीत तालुक्यात कुठं बीटीची पिशवी मिळेना, तेव्हा त्यांनीच दुकानाच्या आतल्या खोलीतून पिशव्या काढून उशिरा आलेल्या कोकिळाबाईंसारख्यांची नड भागवली. नेमकी त्याच लोकांची पऱ्हाटी अळीनं फस्त केली. माणूस हळहळणारच.

त्या लहान पाकिटाची तर वेगळीच कथा. बीटीच्या प्रत्येक पिशवीसोबत ते यायचं, साध्या सरकीचं. ती वावराच्या कडेनं पेरायची, अळीनं ती खायची, म्हणजे अळी बीटीच्या विषाला सरावत नाही, असं कंपनीचं सांगणं. आता स्वतःच्या जमिनीत अळीसाठी ताट वाढून ठेवणारा शहाणा कुठं सापडणार? गावानं त्याचं नाव अळीचा वाटा ठेवलं आणि पेरणं सोडून दिलं. दुकानातच पिशवी फोडायची आणि पाकीट दारातल्या ड्रममध्ये फेकायचं. गावात प्लास्टिकचा कचरा नको म्हणून उत्तमरावांनी तो ड्रम ठेवला होता. भरला की स्वतः आत न्यायचे, जाळायला. यास्मीनची शिकतानाची पहिली फिल्म त्या ड्रमवरच होती. पाहुणा आला की उत्तमराव ती आवर्जून दाखवायला लावत.

फिल्म झाली. कोकिळाबाई कॅमेऱ्यासमोर रडल्या नाहीत, भांडल्या. यास्मीनने ती एका प्रयोगशाळेला पाठवली. तिथल्या बाईंचं उत्तर आलं, बी शिल्लक असेल तर पाठवा, तपासून सांगते.

न उगवलेल्या जागी नांग्या भरायला ठेवलेलं मूठभर बी कोकिळाबाईंकडे पिशवीत उरलं होतं.

"बी कशाले पाठवता?" उत्तमराव म्हणाले. "फिल्म बस्स झाली. उगीच घोळ होईन."

"होऊ द्या ना घोळ," कोकिळाबाई म्हणाल्या. "माहं वावर गेलं, आता अजून काय जाईन?"

बी पोस्टानं गेलं.

उत्तर आलं त्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाया खाली बसल्या, दाराजवळच्या खुर्चीत उत्तमराव. यास्मीनने स्क्रीनवरचं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज उतरत गेला.

"तपासलेलं बी बीटी नाही. पिशवीसोबत लहान पाकीट येतं, त्यातलं हे साधं बी आहे. शेतकऱ्यानं चुकून तेच सगळ्या शेतात पेरलेलं दिसतं."

खोलीत एकच गलका झाला.

"चुकून?" कोकिळाबाई उठून उभ्या राहिल्या. "कंपनी खोटी, अन् हे शिकलेले लोकंयी खोटे! आमी अडानी, म्हनून आमच्याच डोक्यावर खापर? यास्मीन, कॅमेरा चालू कर. माहं बोलनं पाठव त्या बाईले."

यास्मीनने कॅमेरा लावला. लाल दिवा लागला.

"ऐका बाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "मायची आन घेऊन सांगतो. माह्या वावरात ते पाकीट गेलं नाई. या गावात ते कोनीच घरी नेत नाई. सारे दुकानातच टाकतात, ड्रममध्ये. उत्तमरावाले इचारा! पेरनीच्या दिवसात रोज तो ड्रम गच्च भरते, अन् रोज सांजच्याले ते सोता उचलून आतल्या खोलीत..."

कोकिळाबाई दाराकडे वळल्या.

यास्मीनने कॅमेरा दाराकडे वळवला. खुर्ची रिकामी होती, आणि शेजारच्या दुकानात कोणीतरी ड्रम फरफटत आत ओढत होतं.