चढती पातळी

सात नंबर पंपाचं आतलं सील गेलं. पण ते गेलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण कारखान्यात सगळ्यांनी तसंच धरलं होतं.

पंपात ॲसिड. फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर येतो तिथे गळती अडवायला एकामागे एक दोन सीलं, आणि त्यांच्यामध्ये टाकीतून येणारं तेल. तेलाचा दाब ॲसिडपेक्षा जास्त ठेवायचा, म्हणजे गळालंच तर तेल आत जातं, ॲसिड बाहेर येत नाही. बरेच दिवस टाकीतलं तेल उतरत होतं आणि पंपावरचा ऑपरेटर, म्हणजे फिटरचा मेहुणा, कुरकुरत डबे ओतत होता. आज मात्र तो शीळ घालत आला.

"भाऊजी, तुमच्या सीलनं मनावर घेतलं. आज तेल घालावंच लागलं नाही."

"उतरलं नाही?"

"उतरतंय कसलं, चढलंय. विहिरीला पाणी लागावं तसं."

फिटर पाना टाकून साहेबांकडे धावला. "साहेब, दाब उलटलाय. ॲसिड तेलात शिरतंय. पंप बंद करा."

साहेबांना ते आधीच कळलं होतं. म्हणून तर ते सकाळपासून गेटवरच उभे होते.

"बाहेरचं सील आहे ना अजून? माल आज निघायचाय. मेहुण्याला सांग, जागचा हलू नकोस. मी रीतसर कळवतो."

मेहुणा पंपाशेजारी स्टूल टाकून बसला. त्याच्या डोक्यावर सही-शिक्क्याची पाटी लागली: 'नवीन सील उपलब्ध होईपर्यंत सदर ॲसिडने आतच थांबून सहकार्य करावे, ही विनंती.'