घरचा सराव

कॉम्प्युटर गेममधल्या बायका पडतात, भाजतात, मार खातात. त्यांच्यासाठी माइकसमोर इंग्रजीतून कळवळायचं, हा माझा धंदा. आउच, अर्घ, यक, डॅम इट! एकेक उद्गार दहा तऱ्हांनी द्यावा लागतो आणि त्याचा सराव घरीच चालतो. इथे राहायला आलो तेव्हा नवरा स्वतः दारोदार सांगून आला होता, "हिच्या ओरडण्याकडे लक्ष देऊ नका हं, कामच आहे तिचं ते." केवढा समजूतदार नवरा, म्हणून शेजारच्या काकू भारावून गेल्या होत्या.

आज त्याच काकू जिन्यात भेटल्या. मी स्कार्फ गळ्याशी घट्ट धरून उभी होते. नवरा मागे दाराला कुलूप लावत होता.

"काल संध्याकाळी काय गं केलंस ते! टीव्ही बंद करून भिंतीला कान लावला मी. अंगावर काटा आला बघ."

मी त्यांच्याकडे एकटक बघत राहिले. कळू दे बाई, एवढंच मनात.

"पण एक गोष्ट माझ्या लक्षात आलीच," काकू हळू आवाजात म्हणाल्या. मागे कुलपातली किल्ली थांबली. "एरवी तुझं आउच-आउच चालतं. काल मात्र 'आई गं, मेले, सोड' असं होतं."

"हो काकू," मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"मग सांगायचं नाही का गं, आपल्या भाषेतलं काम मिळालं म्हणून!"

मागे किल्ली फिरली.