मेंढी एक

हिमवादळात नारिन शहराच्या वरच्या डोंगरातल्या गावांतली जनावरं पटापट मेली, म्हणून आमच्या छोट्या मदतसंस्थेने पिठाची आणि कोळशाची पोती आणली होती. नियम एकच: ज्याच्या गोठ्यात एकही जनावर शिल्लक आहे, त्याला पोतं नाही. तपासायला मी आणि गुलसुनाई घरोघर फिरत होतो.

बुरुलचा आजींच्या नावापुढे परवाच्या यादीत ‘मेंढी एक’ असं होतं. आज गोठा रिकामा.

“शेजाऱ्याकडे नेऊन बांधलीत ना, आजी?” गुलसुनाई कडाडली. “पोत्यापायी सगळ्यांच्याच मेंढ्या गायब व्हायला लागल्यात!”

“आधी आत या गं. गारठ्यात कशाला भांडता?”

“आधी मेंढी कुठे गेली ते सांगा. नाहीतर पोत्यांच्या यादीतून नाव खोडते.”

आजी आत चुलीकडे डोकावल्या. दाराआडून दोन नातवंडं आमच्याकडे टक लावून बघत होती. मी नजर चुकवली. गुलसुनाईने पेन काढलं आणि नावावर आडवी रेघ ओढली.



“बरं, खोडलंस ना? आता जेवून जा,” आजी दार उघडत म्हणाल्या. “पाहुणे येणार म्हटल्यावर सकाळीच कापली तिला.”