अकरा नंबरची शंका

"उशी छातीखाली घ्या. आता खांदा आणि कंबर एकदम वळवायची. घाई नाही."

फोनमधून सरांचा आवाज वॉर्डभर घुमत होता. धाकट्या डॉक्टरने फोन पारदर्शक पिशवीत घालून अकरा नंबरच्या कॉटला टांगला होता. डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक प्लास्टिकच्या पोशाखात गुंडाळलेल्या डॉक्टर-सिस्टरला ऐकू येणार काय, म्हणून आवाज पूर्ण मोठा. साथ आल्यापासून शिकाऊ डॉक्टरांचं सगळं शिकणं फोनवरच्या एका ग्रुपवर येऊन ठेपलं होतं. सरांचं वय झालेलं, त्यांना हॉस्पिटलात यायला मनाई. मुलं वॉर्डातून केस पाठवायची, सर घरून उत्तर रेकॉर्ड करून पाठवायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "शंका असेल त्याने विचारावं."

अकरा नंबर म्हणजे सलूनवाले काका. अंगाने दणकट आणि आजारातही बडबडे. डॉक्टर आणि सिस्टर मिळून त्यांना पालथं करत होत्या.

"डोकं हलवू नका हं, काका."

"जन्मभर हेच मी लोकांना सांगत आलो," मास्कमधून काका म्हणाले. सिस्टरला हसू आलं.

ते अर्धे वळले होते तेवढ्यात सरांचा मेसेज संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला.

"आता हे सगळ्यांसाठी. अकरा नंबरचे रिपोर्ट नीट बघून ठेवा. फुप्फुसांत काही उरलेलं नाही. पालथं केल्याने जरा आराम पडेल, पण हा पेशंट आठवडा काढेल असं मला वाटत नाही..."

दोघींचे हात काकांच्या अंगाखाली अडकलेले. सोडायची सोय नव्हती. डॉक्टरने कोपराने फोन बंद करायचा प्रयत्न केला, पण पिशवी नुसतीच झुलली. सरांचं सगळं बोलून झालं. शंका असेल त्याने विचारावं, हेसुद्धा म्हणून झालं.

काकांना नीट झोपवल्यावर डॉक्टर कशीबशी म्हणाली, "काका, ते... ते आम्हाला शिकवण्यासाठी असतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"मग मी विचारू? मला एक शंका आहे."

नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं.

"सर, मी अकरा नंबर." शब्दाशब्दाला काकांना थांबावं लागत होतं. "या डॉक्टर रोज संध्याकाळी माझ्या मुलीला फोन करतात. बाबा बरे होताहेत, म्हणून सांगतात. मीही ऐकतो, बरं वाटतं. आजचा फोन अजून व्हायचाय. आज यांनी काय सांगायचं?"

मेसेज गेला. 

बऱ्याच वेळाने सरांचा मेसेज आला. डॉक्टर फोन घेऊन बाहेर जायला निघाली.

"इथेच लावा," काका म्हणाले.

सुरुवातीला नुसता सरांचा श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "मला माफ करा. आणि मुलांनो, हे मी तुम्हाला शिकवलेलं नाही. मलाही ते कधी नीट जमलं नाही."

पुढे काहीच नव्हतं. डॉक्टरच्या बंदिस्त संरक्षक चष्म्याच्या आत पाणी साचलं होतं, आणि ते पुसायला तिला हात घालता येत नव्हता.

काकांनी उशीवरच गाल फिरवून तिच्याकडे पाहिलं.

"लावा फोन," ते म्हणाले. "सुरुवात तुम्ही करा. अडलात तर मी आहे."