ताईंची गैरहजेरी

“उठवत नसेल तर अंथरुणातूनच या, पण या. शवासनही आसनच की!” खचलेल्या मनांसाठी ऑनलाइन योगवर्ग घेणाऱ्या ताईंच्या या वाक्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी उंबरा न ओलांडता चार महिने काढले होते.

आज सव्वासात झाले तरी ताईंचाच पत्ता नव्हता.

“ताईंनी दांडी मारली! आता त्यांनाच उठाबशा,” निवृत्त मास्तर स्क्रीनवर खिदळले.

काकू हसल्या नाहीत. ताईंचंही मन आपल्यासारखंच खचतं, हे फक्त काकूंना ठाऊक होतं. “कधी मीच दिसले नाही तर दोन गल्ल्या चालून याल ना, काकू?” असं ताईंनी विचारलं होतं आणि काकू हो म्हणून बसल्या होत्या.

“मास्तर, तुम्ही सूर्यनमस्कार घाला,” म्हणत काकूंनी सतरंजी काखेत मारली आणि पलंगाखालून धुळकट चपला ओढून काढल्या.